मधुमेही मांजराचा आहार आणि कच्च्या मांसाचा प्रश्न

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या, मालगुजारांच्या काळात बांधले गेलेले तलाव व बोड्या आणि त्यांच्यावर चालणारी ढिवरांची मासेमारी यांनी येथील माणसाच्या ताटाला जे रूप दिले, तेच त्या ताटाशेजारी येऊन बसणाऱ्या मांजराच्या अन्नालाही मिळाले : रोजचा दूधभात, आणि घरात मासळी किंवा कोंबडी झाली त्या दिवशी डोकी, काटे व कापताना बाजूला पडलेले तुकडे. जोवर मांजर अर्धे घरचे आणि अर्धे धानाच्या कोठीचे होते, तोवर या अन्नातील उणीव ते उंदीर मारून स्वतःच भरून काढीत असे, आणि तिची दखल घेण्याचे कोणाला कारण पडत नसे. आता भंडारा, तुमसर, साकोली, पवनी यांसारख्या गावांतही मांजर पक्क्या घराच्या आत राहणारे, शस्त्रक्रियेने निर्बीज केलेले आणि दहा-बारा वर्षे जगणारे कुटुंबीय होऊ लागले आहे. त्याचा उंदीर सुटला. भात मात्र राहिला, आणि त्यात दुकानातील कोरड्या खाद्याच्या गोळ्यांची भर पडली.

अशा घरातील एखादे स्थूल, प्रौढ मांजर एकाएकी फार पाणी पिऊ लागते, वारंवार लघवी करते, भरपूर खाऊनही वाळत जाते, आणि दुखणे लांबले तर मागच्या पायांच्या पंजांवर उभे न राहता घोट्यापर्यंतचा भाग जमिनीला टेकवून चालू लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा साठ किलोमीटरांवरील नागपुरास रक्त तपासले म्हणजे मधुमेहाचे निदान होते, आणि इन्सुलिनच्या चिठ्ठीबरोबरच कोणा परिचिताचा सल्लाही हाती येतो : सर्व बंद करा, कच्चे मांस द्या, साखर उतरेल आणि सुई सुटेल. हा सल्ला कितपत साधार आहे, याविषयी पशुवैद्यक आणि मांजरे पाळणारी मंडळी यांच्यात गेली तीस वर्षे जो वाद चालू आहे, त्याची आजची स्थिती येथे मांडावयाची आहे.

मांजराच्या देहाची घडण

या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या शारीरिक वस्तुस्थितीविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नाहीत. मांजर हे निखळ मांसाहारी जनावर आहे. माणसाच्या वा कुत्र्याच्या यकृतात जेवणानंतरची साखर झपाट्याने उचलणारे ग्लुकोकायनेज नावाचे जे विकर असते, ते मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. त्याच्या लाळेत पिष्ट पचविणारे अमायलेज नसते व स्वादुपिंडातही ते थोडेच असते. आणि गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. उलट, प्रथिनांपासून साखर घडविण्याचे काम त्याचे यकृत उपाशीपोटी आणि भरल्यापोटी सारखेच चालू ठेवते. घराबाहेर शिकारीवर जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा हिशेब नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्धांतून आणि अवघी २ टक्के कर्बोदकांतून येते असे दिसून आले. शिजलेल्या भातात हाच शेवटचा वाटा ९० टक्क्यांच्या घरात जातो, आणि कोरड्या खाद्यात तो बहुधा २५ ते ४० टक्के असतो.

मांजराचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. स्थूलता, वाढते वय, नर असणे व निर्बीजीकरण यांनी त्याचा संभव वाढतो. प्रथम देह इन्सुलिनला दाद देईनासा होतो, आणि मग स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी अतिश्रमाने व साखरेच्याच विषारी परिणामाने खचतात. परंतु हे खचणे पुष्कळदा प्रारंभी उलटविता येते. वेळीच साखर आटोक्यात आणली तर कित्येक मांजरांचे इन्सुलिन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बंद करता येते. या अवस्थेला रोगोपशम म्हणता येईल, आणि आहाराच्या वादाला इतकी धार आली आहे ती या उपशमाच्या आशेनेच. रोज दोन वेळा सुई टोचणे ज्या घरावर येऊन पडते, त्या घराला ही आशा काय वाटत असेल हे सहज समजण्यासारखे आहे.

वादाचा उगम

कच्च्या अन्नाचे समर्थक आपला आद्य दाखला म्हणून कॅलिफोर्नियातील डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांचे नाव घेतात. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाशी संबंधित असलेल्या या गृहस्थांनी १९३२ ते १९४२ या काळात सुमारे ९०० मांजरांवर प्रयोग केले. कच्चे मांस व कच्चे दूध मिळालेली मांजरे पिढ्यान्‌पिढ्या निरोगी राहिली आणि शिजवलेल्या मांसावरील मांजरे क्षीण व वंध्य होत गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या काळी टॉरिन या द्रव्याची मांजराला असलेली निकड कोणास ठाऊक नव्हती. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते हे १९७५ साली, आणि हृदयाचा स्नायू पसरून निकामी होतो हे १९८७ साली कळून आले. मांस उकळताना टॉरिन पाण्यात उतरते, आणि ते पाणी फेकून दिले म्हणजे मांजराच्या वाट्याला टॉरिनहीन चोथा येतो. पॉटेंजर यांच्या निरीक्षणांचा बराचसा उलगडा आज याच मार्गाने केला जातो. तथापि कच्च्यातच काही सजीव गुण आहे ही त्यांच्या प्रयोगांतून रुजलेली समजूत त्या उलगड्यानंतरही टिकून राहिली. १९९३ साली ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी कुत्र्यांना कच्ची हाडे व मांस देण्याचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले, तेव्हापासून या समजुतीला चळवळीचे स्वरूप आले आणि तिचा ओघ मांजरांकडेही वळला.

मधुमेहाची बाजू या चळवळीला येऊन मिळाली ती नव्या शतकात. कमी कर्बोदकांच्या आहाराने मांजरांची इन्सुलिनची गरज घटते, असे अनुभव अमेरिकेतील चिकित्सक २००१ पासून नोंदवू लागले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ६३ मधुमेही मांजरांपैकी काहींना कमी कर्बोदकांचे व काहींना अधिक तंतूंचे डबाबंद अन्न दिले गेले. सोळा आठवड्यांनी पहिल्या गटातील ६८ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४१ टक्के मांजरे इन्सुलिनमुक्त झालेली आढळली. यातील अन्न डबाबंद, म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले होते. वाद वाढत गेला तसतशी ही गोष्ट मागे पडली आणि कमी कर्बोदकांचा गुण कच्चेपणाच्या खात्यावर जमा होऊ लागला.

समर्थकांची कैफियत

समर्थकांचे म्हणणे त्यांच्या बळकट रूपात मांडावयाचे तर ते असे. मांजर ज्या भक्ष्यासाठी घडले आहे ते कच्चेच असते. उंदराच्या देहात मांस, हाड, यकृत, हृदय व पाणी यांचे जे प्रमाण असते तेच त्याचे पूर्णान्न होय. कोरड्या खाद्याला गोळीचा आकार येण्यासाठीच पिष्ट लागते, आणि त्या पिष्टाशी झगडण्यास मांजराचे स्वादुपिंड समर्थ नाही. कच्च्या मांसावर मांजर पाणी कमी पिते, कारण अन्नातच ओलावा असतो. त्याची विष्ठा थोडी व घट्ट होते, वजन उतरते आणि स्नायू टिकतात. ज्यांनी घरी ग्लुकोमीटरने रोजच्या रोज साखर मोजून टिपणे ठेवली आहेत अशा पालकांची त्या टिपणांवर आधारलेली साक्ष आदराने ऐकली पाहिजे. साखर ३५० वरून १५० वर आलेली ज्याने स्वतः पाहिली, त्याला ती भ्रांती वाटणे शक्य नाही, आणि ती भ्रांती नव्हेही.

प्रश्न एवढाच उरतो की ती साखर कशाने उतरली. कोरड्या गोळ्या किंवा दूधभात सोडून मांस धरले, की कर्बोदके जातात, ओलावा वाढतो, भांड्यात दिवसभर पडून असलेले अन्न जाऊन मोजका घास येतो, आणि लठ्ठ मांजराचे वजनही घटू लागते. हे सारे बदल एकदम घडतात. शिजवलेल्या मांसानेही ते असेच घडले असते. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली कच्चे गोमांस, शिजवलेले गोमांस आणि कोरडे खाद्य यांची निरोगी मांजरांत तुलना केली, तेव्हा प्रथिनांच्या पचनात कोरडे खाद्य मागे पडले. कच्चे व शिजवलेले मात्र जवळपास बरोबरीचे ठरले. खुद्द कोरड्या खाद्याविषयीचा आरोपही पूर्ण शाबीत झालेला नाही. नेदरलँड्समधील २००९ च्या पाहणीत घरात कोंडले जाणे व हालचालीचा अभाव हेच मधुमेहाशी निगडित दिसले, कोरड्या खाद्याचे प्रमाण नव्हे; उलट स्वीडनमधील २०१७ च्या पाहणीत सामान्य वजनाच्या मांजरांत कोरड्या खाद्याचा संबंध आढळला.

विरोधकांची कैफियत, आणि नागपूर

विरोधी पक्षात प्रामुख्याने पशुवैद्यकांच्या संस्था आहेत. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या मुख्य संघटनेने २०१२ साली पाळीव जनावरांना कच्चे प्राणिजन्य अन्न देण्याविरुद्ध ठराव केला. त्याच सुमारास तेथील अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, त्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हे जंतू सापडले. उट्रेख्ट येथे २०१८ साली तपासलेल्या गोठवलेल्या खाद्याच्या ३५ नमुन्यांची स्थिती याहून वाईट होती; निम्म्याहून अधिकांत लिस्टेरिया होता. समर्थक यावर उत्तर देतात की मांजराचे जठर आम्लधर्मी असते व त्याला हे जंतू सहसा बाधत नाहीत. निरोगी मांजरापुरते हे उत्तर बरेचसे खरे आहे. परंतु मधुमेहाने जनावराची प्रतिकारशक्ती उणावते, आणि मांजर आजारी पडले नाही तरी त्याच्या विष्ठेतून, भांड्यातून व जिभेने चाटलेल्या हातांतून जंतू घरभर फिरतात. भारतात माणसांतील मधुमेह्यांची संख्या २०२३ साली १० कोटींहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा ज्या घरात मांजराला इन्सुलिन दिले जाते, त्याच घरात ते घेणारी आजीही असणे मुळीच असंभाव्य नाही.

ही सारी चर्चा परदेशातील गोठवलेल्या पाकिटांविषयीची म्हणून दूरची वाटावी, अशी स्थिती आता राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्युमुखी पडले, आणि भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू असल्याचे कळविले; संशय साहजिकच खाद्यातील मांसाकडे वळला. लगोलग जानेवारी २०२५ मध्ये नागपुराला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत आणि तेथील बाजारातील नमुन्यांत तोच विषाणू आढळला. त्याच हिवाळ्यात अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात केवळ घरात राहणारे एक मांजर कच्चे गोठवलेले टर्कीचे खाद्य खाऊन दगावले, आणि त्या खाद्यातील व मांजरातील विषाणू एकच असल्याचे जनुकीय तपासणीने ठरले. त्याच्या वीस वर्षे आधी, २००४ साली, थायलंडातील एका व्याघ्रोद्यानात कच्च्या कोंबड्यांवर पोसलेले वाघ याच रोगाने मोठ्या संख्येने मेले होते. भारतात हा रोग प्रथम २००६ साली आला तो आपल्याच नवापुरात. मार्जारकुळाला हा विषाणू फार घातक आहे, आणि गोठविल्याने तो मरत नाही; पूर्ण शिजविल्याने मरतो. म्हशीच्या मांसाबाबत आणखी एक भय आहे. इंग्लंडात हरणाच्या कच्च्या मांसाच्या खाद्यातून घरातील मांजरांना गुरांचा क्षय जडल्याची प्रकरणे २०१९ साली प्रसिद्ध झाली, आणि आपल्याकडील गुराढोरांत तो रोग अद्याप नांदतो आहे.

समर्थकांच्या पुस्तकांतील एक गृहीत येथे गैरलागू ठरते. त्यांत मांस तपासणी झालेल्या कत्तलखान्यातून निघून अखंड शीतसाखळीने घरी येते असे धरलेले असते. भंडाऱ्याच्या बाजारातील कोंबडी गिऱ्हाइकासमोर कापली जाते, एकाच लाकडी ठोकळ्यावर एकामागून एक, आणि काळ्या पिशवीतून घरी जाते. ताजेपणाच्या दृष्टीने ही रीत उत्तम आहे आणि ते मांस तासाभरात पातेल्यात जाणार असेल तर तिच्यात काही वावगेही नाही. परंतु पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात, वीज केव्हाही जाणाऱ्या गावी, तेच मांस कच्चे खाऊ घालण्यासाठी चार दिवस साठविणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट होय.

पौष्टिकतेचा आक्षेप याहून कमी गाजतो, परंतु माझ्या मते दीर्घकाळात तोच अधिक भोवणारा आहे. नुसते बोनलेस मांस म्हणजे पूर्णान्न नव्हे. त्यात स्फुरदाच्या मानाने कॅल्शियम अत्यल्प असते, व त्यावरच वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. स्वस्त म्हणून कलेजीच रोज घातली तर अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके जखडतात. आणि तलावातील कच्ची मासळी द्यावी तर कार्प कुळातील अनेक माशांत थायमिनचा नाश करणारे विकर असते, ज्यामुळे मांजराला झटके येऊ शकतात. हे विकर शिजविल्याने नष्ट होते. हाडांचा मुद्दा तेवढा समर्थकांच्या बाजूने अंशतः जातो : शिजलेले कोंबडीचे हाड चिरफळते व आतड्याला जखम करते, कच्चे तसे सहसा करीत नाही, म्हणून मांस शिजवावयाचे तर हाड काढून टाकावे आणि कॅल्शियमची तजवीज पशुवैद्याच्या सल्ल्याने वेगळी करावी. प्रेशर कुकरमध्ये मांड्यांचे मांस व थोडे कोंबडीचे हृदय झाकलेल्या डब्यात पाण्याविना वाफवून सुटलेला रस त्यातच कालवला, तर टॉरिनचा मोठा भाग वाया जात नाही. तरीही रोजच्या आहारात ते वेगळे घालणे इष्ट होय.

सुईचा आणि घासाचा मेळ

कच्चे की शिजलेले या झगड्यात जी गोष्ट दोन्हीकडून दुर्लक्षिली जाते, ती प्रत्यक्षात सर्वांत तातडीची आहे. इन्सुलिनची मात्रा ही विशिष्ट आहाराला जोडलेली असते. दूधभातावरील किंवा कोरड्या गोळ्यांवरील मांजराची मात्रा ठरविली, आणि घरच्यांनी एका रात्रीत सर्व कर्बोदके बंद करून मांस सुरू केले, तर तीच मात्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अतिरिक्त ठरू शकते. साखर ६० च्या खाली गेली म्हणजे मांजर सुस्तावते, लटपटते, थरथरते, पुढे झटके येऊन बेशुद्ध होते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून तत्काळ दवाखाना गाठावा लागतो, आणि लाखांदूर किंवा मोहाडीच्या बाजूच्या खेड्यातून रात्री दवाखाना गाठणे म्हणजे काय, हे तेथील रहिवाशांना सांगावयास नको. आहार काही दिवसांत टप्प्याटप्प्याने बदलणे, त्या काळात कानाच्या कडेवरील शिरेजवळ टोचून एक थेंब रक्ताने साखर मोजत राहणे आणि मात्रा पशुवैद्याकडून आधीच कमी करून घेणे, याबाबत दोन्ही पक्षांतील जाणत्यांत एकवाक्यता आहे. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात साखर किंचित कमी दाखवितो, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.

आपल्याकडे यात सिरिंजच्या घोटाळ्याची भर पडते. औषधाच्या दुकानात जुन्या प्रकारची इन्सुलिने मिलिलिटरला ४० युनिटांच्या कुपीत, तर मांजरांसाठी पुष्कळदा निवडले जाणारे ग्लार्जिन १०० युनिटांच्या बळाचे मिळते. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची व दुसऱ्याची केशरी टोपणाची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरले तर मांजराला ठरल्याच्या अडीचपट इन्सुलिन जाते. चार किलोच्या ज्या जनावराची प्रारंभीची मात्रा बारा तासांनी १ युनिटाच्या आसपास असते, त्याला एवढी चूक प्राणघातक होऊ शकते, आणि त्याच दिवशी घास बदलला असेल तर दोष कोणाचा, अन्नाचा की सुईचा, हे मागाहून उलगडत नाही.

अनिर्णित राहिलेले

शोधनिबंधांच्या दप्तरात सर्वांत ठळक उणीव अशी की, घटकद्रव्ये तंतोतंत तीच ठेवून एका गटाला कच्चे आणि दुसऱ्या गटाला शिजवलेले मांस दिले, आणि मधुमेही मांजरांतील उपशमाचे प्रमाण ताडून पाहिले, असा प्रयोग त्यात नाही. त्यामुळे कच्चेपणाचा साखरेवर स्वतंत्र गुण येतो असे म्हणण्यास आधार नाही. कमी कर्बोदकांचा येतो असे म्हणण्यास आहे, जरी उपशमावरील संशोधनाचा २०१४ साली घेतलेला पद्धतशीर मागोवा तेथील पुराव्याची प्रत एकंदरीत दुबळीच ठरवितो. लवकर निदान आणि काटेकोर इन्सुलिन यांचा वाटा किती व आहाराचा किती, हेही विलग झालेले नाही : २००९ साली ऑस्ट्रेलियातील एका छोट्या अभ्यासात नव्याने निदान झालेली आणि ग्लार्जिनवर ठेवलेली आठही मांजरे उपशमाला पोहोचली, परंतु तीही कमी कर्बोदकांच्या आहारावरच होती. कर्बोदकांची मर्यादा नेमकी किती असावी, ऊर्जेच्या १२ टक्के की त्याहूनही खाली, याविषयी मार्गदर्शक तत्त्वांचा सूर अजून सल्ल्याचा आहे, निवाड्याचा नाही.

म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंडही त्याच वेळी खचू लागलेले असते; त्याला मांसातील स्फुरद जड जाते, आणि एका रोगाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य होते. तोंडाने द्यावयाची बेक्साग्लिफ्लोझिन व व्हेलाग्लिफ्लोझिन ही औषधे अमेरिकेत २०२२ व २०२३ साली मान्य झाली, त्यांनी आणखी एक नवा प्रश्न उभा केला आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, व त्यांवरील काही मांजरांत रक्तातील साखर सामान्य दिसत असूनही कीटोन वाढून देह आम्लमय होतो. अशा वेळी कर्बोदके किती उतरवावीत यावर चिकित्सकांचे मत अद्याप बनत आहे.

आपल्या भागापुरता एक प्रश्न परदेशी संशोधकांना सुचणारही नाही, पण येथील पशुवैद्याला तो दरवर्षी भेटेल. ज्या घरांत श्रावणभर मांस-मासळी येत नाही, तेथील मधुमेही मांजर आषाढापर्यंत कोंबडीवर असते, श्रावणात दूधभातावर जाते आणि नंतर पुन्हा कोंबडीवर येते. पहिल्या बदलात त्याची साखर चढणार आणि दुसऱ्यात, चढलेल्या साखरेसाठी वाढविलेली मात्रा तशीच राहिली तर, ती धोकादायकरीत्या उतरणार, हे आतापर्यंतच्या माहितीवरून उघड दिसते. काही घरांत अंगणात वेगळ्या भांड्यात मांजरापुरते मांस शिजविण्यास वडीलधाऱ्यांची हरकत नसते, काहींत असते. जेथे असते तेथे डबाबंद कमी कर्बोदकांचे अन्न हा मार्ग परवडत असेल तर सोयीचा पडतो, न परवडल्यास अंडे चालते का हे विचारून पाहावे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून या विभागाची सेवा करीत आले आहे. त्याने आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांनी अशा मांजरांच्या श्रावणाच्या आधीच्या, श्रावणातील व नंतरच्या साखरेची आणि मात्रांची नोंद एका नमुन्यात ठेवण्यास प्रारंभ केला, तर दोन-तीन वर्षांत तरी मात्रा किती व केव्हा बदलावी याचे येथील मांजरांवरून काढलेले कोष्टक हाती येऊ शकेल.